पाय भुईला लागले म्हणजे

डोळे उघडले म्हणजे माणूस उठला, असं आप्पा मानत नसत. तोंडानं 'उठलो' म्हटलं तरी मानत नसत. दारावर काठीचे तीन ठोके, मग आतल्या माणसाच्या पाळीचा पुकारा, आणि मग दाराला कान लावून ते उभे राहायचे. आतल्याचे पाय फरशीवर टेकल्याचा आवाज आला की पुढच्या दाराकडे जायचे. आला नाही तर पुन्हा तीन ठोके.

"ओ स्टोअर, आवाज खाटंवरनं येतोय तुमचा. पाय भुईला लागले म्हंजी मानूस उठला. तवर न्हाई."

मी तेव्हा शिरूरच्या बाजूच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होतो आणि दौंडला आप्पांच्या चाळीत भाड्यानं राहत होतो. पाळ्या आठवड्याला बदलायच्या. कंपनीची बस दौंडहून निघायची आणि कुणासाठी थांबायची नाही. चाळीतले बाकीचे भाडेकरूही असेच पाळीवाले, त्यामुळे आम्हा सगळ्यांची नोकरी खरं तर आप्पांच्या काठीवर चालली होती.

आप्पा रेल्वेतून निवृत्त झालेले कॉलमन. हे काम आता राहिलेलं नाही, म्हणून सांगतो. दौंड जंक्शनवर गाड्या अवेळी सुटत, आणि मोबाईल नव्हते तेव्हा ज्या ड्रायव्हरची ड्यूटी लागली असेल त्याच्या क्वार्टरवर जाऊन त्याला उठवायला एक माणूस ठेवलेला असे. त्या उठवण्याला 'कॉल' म्हणत. आप्पांनी सगळी नोकरी कॉल देण्यात घालवली. नोकरी संपल्यावर बांधलेल्या चाळीत पाळीवाले भाडेकरू भरले, आणि ते आपलं काम करत राहिले. भाडेकरू निवडताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता.

"झोप कशी हाय?"

"गाढ आहे."

"मग ऱ्हावा. सावध झोपेच्या मानसाला उठवन्यात काय मजा न्हाई."

नावानं ते कुणालाच हाक मारत नसत. मी 'स्टोअर'. शेजारच्या खोलीतला बिहारी मुलगा 'पेंट शॉप'. कोपऱ्यावरच्या खोलीत नवं लग्न झालेलं जोडपं होतं, तिथं ठोक्यांच्या आधी खोकायचे आणि दोन पावलं मागं सरायचे. घरात घड्याळ नव्हतं. पेंट शॉपनं एकदा टेबलावरचं घड्याळ भेट दिलं, तर त्यातले सेल काढून त्यांनी टॉर्चमध्ये घातले. मोबाईलच्या गजराबद्दल त्यांचं मत होतं की तो उठवतो खरा, पण थांबत नाही.

"थांबावं लागतं मानसाजवळ. झोपेतनं येताना मानूस लई एकटा असतो."

उठल्याबरोबरचा पहिला शब्द तो माणसाचा खरा, असंही ते म्हणत. दौंडातल्या कितीतरी ड्रायव्हरांचा पहिला शब्द त्यांना पाठ होता. एक ड्रायव्हर शिवी देऊनच उठायचा आणि मग दार उघडून चहा पाजायचा. दुसरा एक, चांगला वयस्कर, रोज "आलो आई" म्हणायचा. त्याची आई कधीच गेलेली होती. आप्पांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. तो ड्रायव्हर वारल्यावर मग सांगायला लागले.

पायांचं हे वेड त्यांना कुठून लागलं, तेही मी विचारलं होतं. त्यांचं मूळ गाव घोड नदीच्या काठी, इनामगावाजवळ. ते मिसरूड फुटायच्या वयाचे असताना तिथं पुण्याच्या लोकांनी जुन्या वस्तीचं खोदकाम काढलं होतं, आणि आप्पा पाटी उचलायच्या मजुरीवर जात. घरांच्या जमिनीखाली फार जुन्या काळची पुरलेली माणसं निघत. लहान लेकरं मडक्यांत ठेवलेली. मोठी माणसं उताणी, नीट झोपवलेली, पण घोट्याखाली पावलं नाहीत.

"कुनीतरी त्या साहेबांना इचारलं, पाय कुठं गेलं? ते म्हनले, पुरताना तोडलं आसतील, मेलेला चालत घरी यिऊ नये म्हनून. आमी तवा हसलो. पन घरी येऊन निजलो आन् मनात आलं, म्हंजी उठनं पायातच आसतंय की. डोळं काढलं न्हाईत त्यांनी, पाय काढलं."

हे सांगताना ते तंबाखू मळत होते. मला त्या वेळी ती नुसती एक चांगली गोष्ट वाटली. भीती नंतर वाटली.

पहिल्यांदा चुकलं ते हिवाळ्यात. पहिली पाळी होती. मला जाग आली ती पेंट शॉपच्या दार बडवण्यानं. बाहेर उजाडलेलं, बस गेलेली. चाळीतली सगळी दारं एकदम उघडली आणि आम्ही सगळे बनियनवर एकमेकांकडे बघत उभे राहिलो.

"अंकल आज उठाए नहीं," पेंट शॉप म्हणाला.

आप्पांच्या खोलीत गेलो तर ते गोधडी पांघरून पडलेले. आम्हाला बघून चिडले.

"आजून हितंच? दिला की कॉल सगळ्यांना. तू म्हनला 'हां अंकल'. आन् स्टोअर, तुमच्या दाराला दव व्हतं, माझा हात वला झाला."

ते खोटं बोलत नव्हते. हात वर करून ओला झालेला तळवा आम्हाला दाखवत होते, आणि तळवा कोरडा होता.

वय झालं, एखाद्या वेळी होतं, असं म्हणून आम्ही सोडून दिलं. पण पुढच्याच आठवड्यात पुन्हा झालं. मग आप्पांनी स्वतःच उपाय काढला. कॉल दिला की तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन त्या दाराच्या चौकटीवर एक रेघ ओढायची. रेघ असली म्हणजे कॉल दिला. मला उपाय पटला. मालावर खूण करण्याची पद्धत आमच्या स्टोअरमध्येही होती. चार दिवस रेघा दिसल्या. पाचव्या दिवशी पुन्हा बस गेली. आप्पा काठी घेऊन दारोदार फिरत होते आणि कोरी चौकट बोटानं चाचपत होते.

"वढली व्हती," ते म्हणाले. "बोटाला चुना झोंबला. स्टोअर, झोंबला हो मला चुना."

त्यानंतर ते कमी बोलायला लागले. दिवसभर झोपायचे, गाढ, तोंड उघडं टाकून, आणि रात्री त्यांच्या काठीचं लोखंडी कडं अंगणात वाजत राहायचं. पहाट झाली की नेमका डोळा लागायचा. उभ्या आयुष्यात ज्या वेळेला ते कधी झोपले नव्हते, त्याच वेळेला.

एकदा मी रात्रपाळीहून येऊन दिवसभर झोपलो होतो. दारावर तीन ठोके पडले. "स्टोअर, पहिली पाळी, बस लागली." मी सवयीनं पाय खाली टाकले. बाहेर अंधुक उजेड, चिमण्यांचा कलकलाट, हवेत गारवा, कुठंतरी चूल पेटल्याचा वास. मी तोंड धुतलं, डबा नाही म्हणून चडफडलो, पिशवी उचलली आणि निघालो. पुढं पेंट शॉप शर्टाची बटणं लावत चाललेला. बसच्या थांब्यावर पोचलो तरी बस नाही. उजेड वाढायच्या ऐवजी कमी होत गेला. पानाच्या टपरीवर दिवा लागला. तेव्हा पेंट शॉप माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "भैया, ये तो शाम है."

आम्ही हसलो, पण लगेच थांबलो. परत आलो तर आप्पा चाळीच्या दारात खुशीत उभे होते.

"आज कुनी ऱ्हायलं न्हाई," ते म्हणाले.

मी त्यांना पश्चिमेकडे तोंड करून उभं केलं. त्यांनी आभाळाकडे बराच वेळ बघितलं. मग खाली बसले आणि काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्या दिवशी मला कळलं की हा विसरभोळेपणा नाही. घरातून एखादी वस्तू हरवावी तशी या माणसाच्या आतून वेळच हरवली आहे, आणि तिचा शोध कुठं घ्यायचा ते मला ठाऊक नव्हतं.

रुळांवरचा प्रकार झाला तो भर दुपारी. त्या आठवड्यात माझी रात्रपाळी होती आणि उकाड्यानं झोप लागत नव्हती. काठीचं कडं वाजलं म्हणून खिडकीतून बघितलं. आप्पा अनवाणी निघालेले. कॉलवर जाताना ते नेहमी बूट घालत, नाड्या बांधून. हातात टॉर्च होता, आणि ऊन डोळ्यांवर येत असताना तो टॉर्च पेटलेला होता.

मी चपला अडकवून मागं गेलो. दोन हाका मारल्या. त्यांनी वळून बघितलं नाही. यार्डाच्या भिंतीला एक फट आहे, तिथून आत शिरले आणि रूळ ओलांडायला लागले. पावलं बरोबर पडत होती. एकाही रुळावर पाय न ठेवता खडीवरून, इतक्या वर्षांच्या सवयीनं. पलीकडे जुनी क्वार्टरं आहेत, पडीक. दारं-खिडक्या लोकांनी कधीच काढून नेल्या आहेत. आप्पा पहिल्या क्वार्टरसमोर थांबले आणि जिथं दार असायचं तिथं हवेत काठीचे तीन ठोके मारले. आवाज आला नाही. मग कान लावून थांबले, हसले आणि पुढच्या क्वार्टरकडे गेले. तिथं आधी खोकले आणि दोन पावलं मागं सरले.

मी जवळ जाऊन म्हणालो, "आप्पा, चला घरी."

"हळू बोला. लेकरू निजलंय आत."

डोळे उघडे होते. माझ्याकडेच बघत होते. आत फक्त कण्हेरीचं एक झाड वाढलेलं होतं.

मी दंड धरून त्यांना परत फिरवलं. ते आले, पण रुळांच्या मधोमध थांबले आणि काही केल्या हलेनात. त्याच वेळी मला डबे दिसले. इंजिन मागून ढकलत असलं की पुढचे रिकामे डबे फारसा आवाज करत नाहीत. ते आमच्याच रुळावरून सावकाश येत होते, आणि सावकाश येत होते म्हणूनच जास्त भयानक वाटत होते. मी आप्पांना ओढलं. त्या म्हाताऱ्या अंगात लाकडासारखा ताठरपणा होता. मला काही सुचेना, म्हणून त्यांचंच वाक्य ओरडलो.

"आप्पा, पाय भुईला लावा!"

त्यांनी शांतपणे खाली बघितलं. तापलेल्या खडीवर त्यांची उघडी पावलं नीट टेकलेली होती.

"लागल्यात की," ते म्हणाले.

ते दोन शब्द आजही आठवतात. ज्या एका खुणेवर हा माणूस आयुष्यभर जागेपण तपासत आला, ती खूण पुरी झाली होती आणि तो झोपलेला होता. आता दुसरी कुठली खूण शिल्लक होती? आदल्या दिवशी वाचलेलं तोंडाला आलं, ते बोललो.

"आप्पा, ही क्वार्टरं पाडणार आहेत. कालच भिंतीवर नोटीस लागलीय."

त्यांची मान वळली. "कवा?"

"काल."

"कुनी सांगितलं?" आणि ते विचारता विचारताच त्यांचे डोळे बदलले. पाय भाजल्याचं त्यांना एकदम कळलं, आणि ते माझ्या अंगावर कोसळले. मी त्यांना तसंच ओढून बाजूला घेतलं. डबे आमच्या शेजारून गेले, एकामागं एक, शेवटी इंजिन. इंजिनातला माणूस काहीतरी ओरडला, ते ऐकू आलं नाही.

भिंतीच्या सावलीत बसल्यावर त्यांनी आधी विचारलं, "नोटीस खरी हाय?"

"खरी आहे."

बराच वेळ ते तळपाय चोळत राहिले.

"सगळे दार उघडत्यात, स्टोअर. गेलेले ड्रायव्हर. सगळ्यांना पाय हाईत, कुनीच तोडले न्हाईत त्यांचे. 'आलो आई' म्हनारा बी येतो. जित्यांना उठवायचं ऱ्हातंय, आन् मेलेले उठवून येतो मी."

मग त्यांनी कोपरीच्या खिशातून एक पांढरी प्लास्टिकची बाटली काढली. "हे खायला लागल्यापास्नं हाय हे."

आजार एचआयव्हीचा होता. कसा झाला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळत होत्या. दिवसाला एक, जन्मभर. चाळीत, भावकीत, कुणाला ठाऊक नव्हतं. झोपेचं हे दवाखान्यात का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

"येडा झालो आसं लिवतील. मंग भावाची पोरं मला कुठंतरी टाकतील आन् खोल्या घेतील. पन आता ठरलं माझं. गोळी बंद."

"बंद केली तर काय होतं ते सांगितलंय ना त्यांनी?"

"सांगितलंय. मरीन हळूहळू. पन जागा मरीन."

डब्यांची भीती तेवढ्या वेळेपुरती होती. ही भीती माझ्याबरोबर चाळीत आली. आप्पा बाटली खिशात ठेवतात की कुठं भिरकावतात, त्याकडे माझं सारखं लक्ष. मी काही वैद्यकीतला माणूस नाही. पण स्टोअरमध्ये एखादा माल खराब निघाला की आम्ही आधी माल फेकत नाही. कुठं ठेवला, कधी ठेवला, कशाजवळ ठेवला, ते विचारतो. संध्याकाळी कामावर जायच्या आधी मी तसंच विचारलं.

"गोळी कधी घेता?"

"झोपताना. दवाखान्यातल्या बाईंनी तसंच सांगितलंय."

"झोपताना म्हणजे कधी?"

"सकाळची बस गेली की. तवाच निजायचं आसतं की."

कॉलमनची रात्र सकाळी सुरू होते. सगळ्यांना उठवून, पाठवून, मग तो आडवा होतो. नोकरीभर तेच, नंतरही तेच. 'झोपताना' या शब्दाचा त्यांच्यापुरता दुसरा अर्थ नव्हता.

"आणि पोटात काय असतं तेव्हा?"

"स्टेशनावरची भजी. प्लेटभर. फेरी झाल्यावर भूक लागती."

त्याचा काही संबंध असेल का, मला ठाऊक नव्हतं. पण दवाखान्यात विचारण्यासारखं काहीतरी हाती लागलं होतं. आप्पांनी अट घातली की मी बरोबर यायचं आणि तिथं 'येडा' हा शब्द निघाला तर लगेच उठायचं. माझी अट एकच होती, तोवर गोळी चुकवायची नाही. त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. मला ते डोळे मिटणं आवडलं नाही.

दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "आप्पा, झोपताना म्हणजे रात्री. आणि रिकाम्या पोटी. तेलकटावर तर अजिबात नाही, औषध रक्तात जास्त चढतं."

"तसं सांगायचं ना बाई. समद्यांची रात एकच आसती व्हय?"

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या, आणि त्यांना आत डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते, तरी खुर्ची जवळ ओढून बसले. म्हणाले, शरीराच्या आत एक घड्याळ चालू असतं. कधी झोपायचं, कधी उठायचं, कधी अंग तापायचं, ते ठरवतं. विषाणूवरच्या काही गोळ्या त्याला धक्का देतात. ही गोळी तर डोक्यात शिरते. झोप मोडते, स्वप्नं खऱ्यापेक्षा खरी दिसतात. सगळ्यांनाच होतं असं नाही, आणि नेमकं का होतं ते अजून पुरतं कळलेलंही नाही. तुमचं घड्याळ आधीच उलटं, त्यात भलत्या वेळेला भलत्या जेवणावर गोळी. "पण बंद करू नका. वेळ बदलू, नाही जमलं तर गोळी बदलू. वेडबिड काही लागलेलं नाही तुम्हाला."

तो शब्द निघाला, पण आप्पा उठले नाहीत.

वेळ बदलल्यावर स्वप्नं कमी झाली, गेली नाहीत. पुढं डॉक्टरांनी गोळीच बदलली. नवी गोळी सकाळी घ्यायची, कारण तीही कुणाकुणाची झोप उडवते. मेलेले ड्रायव्हर यायचे थांबले. आप्पा रात्री झोपायला लागले. आम्हाला वाटलं, सुटलो. पण एक गोष्ट परत आली नाही. त्यांना आपोआप जाग येईना. आमच्यासाठी ती साधी गोष्ट, वयाची म्हणून सोडून देण्यासारखी. त्यांनी मात्र काठी खुंटीला लावली आणि सगळ्यांना एकदा अंगणात बोलावून सांगितलं, "मोबाईल लावत जावा. माझा भरवसा न्हाई."

पेंट शॉप रडायला आला होता. "अंकल, मोबाईल रुकता नहीं है."

"व्हय रे बाबा. पन तो झोपत बी न्हाई."

पुढं मला शिरूरला स्वतःचं घर झालं आणि मी खोली सोडली. सोडायच्या दिवशी पहाटे दारावर तीन ठोके पडले. "स्टोअर, शिरूर गाडी लागली." मी पाय टेकवले, ते बाहेर ऐकत उभे असल्याचं मला कळलं, आणि मला फार बरं वाटलं. म्हटलं, परत आलं घड्याळ. पण निघताना त्यांनीच विचारलं, "मला कॉल द्याल का सकाळचा? गोळीची येळ चुकाय नगं. फोनवर पाय ऐकू येत न्हाईत, तवा पायाचं सोडा. पायाचा भरवसा तसाबी गेलाच हाय. मला ठाव नसलेलं काय तरी सांगा."

"म्हणजे?"

"सपनात मला ठाव हाय तेवढंच घडतंय. त्या दिवशी तुमी नोटिशीचं बोल्ला, ते माझ्या डोक्यात न्हवतं, म्हनून मी भायेर आलो. रोज आसं एक सांगायचं. मी 'ठाव न्हवतं' म्हनलो की समजा उठलो. मंग गोळी घेतो."

तेव्हापासून मी रोज सकाळी फोन करतो. आदल्या रात्री पाच-सहा गोष्टी लिहून ठेवतो, सांगितली ती खोडतो, म्हणजे तीच परत जाऊ नये. घोडला पाणी सोडलं. स्टँडमागच्या रसवंतीला कुलूप लागलं. शेजारच्या मास्तरांनी मिशी काढली. आप्पा ऐकतात, थोडा वेळ काही बोलत नाहीत, मग म्हणतात, "हे ठाव न्हवतं." त्या मधल्या वेळेत मला रोज ते डबे दिसतात. इतकी वर्षं झाली तरी दिसतात.

परवा फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला. मी म्हणालो, "आप्पा, न्हावऱ्याच्या रस्त्याला उसाचा ट्रॅक्टर उलटलाय. बस अडकल्यात."

"ठाव हाय मला."

हे शब्द त्यांनी याआधी कधीच उच्चारले नव्हते. मी कागद बघितला. ती गोष्ट त्यावर नव्हतीच, पहाटेच घडली होती आणि मी ती कुणाला सांगितलेली नव्हती. त्यांच्या आवाजात तोच शांतपणा होता, 'लागल्यात की' म्हणतानाचा.

"कसं ठाऊक?"

"दूधवाला बोल्ला. कवाचा जागा हाय मी. तुमच्या कॉलाआधी उठलो आज, आपला आपन. चुना लावून तंबाकूबी मळून झाली."

याच्यावर विश्वास ठेवावा असं मला फार वाटत होतं, आणि म्हणूनच भीती वाटत होती. चुना झोंबला असं ते तेव्हाही म्हणाले होते. दूधवाला स्वप्नातही येऊ शकतो. शिरूरहून दौंडला पोचेपर्यंत ते अनवाणी कुठवर गेले असतील, याचा मी हिशेब करायला लागलो.

"आप्पा," मी म्हणालो, "आज तुम्ही सांगा. मला ठाऊक नसलेलं काहीतरी."

एक मालगाडी जाण्याचा आवाज फोनमधून आला आणि संपला.

"तुमी खोली सोडली ना," ते म्हणाले, "त्या दिवशी मी काय उठलो न्हवतो. झोपलोच न्हवतो. तुमाला एक तरी नीट कॉल द्यायचा म्हनून रातभर तुमच्या दाराम्होरं बसून ऱ्हायलो. रेघ बी वढली चौकटीवर. नवा भाडेकरू पुसत व्हता, पुसू दिली न्हाई."

मी पलंगावर मांडी घालून बसलो होतो.

"हे मला ठाऊक नव्हतं," मी म्हणालो, आणि पाय खाली सोडून फरशीवर टेकवले.

"हां," आप्पा म्हणाले. "आता उठला."